एकच नाव दोनदा

माझी वहिनी एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवतानासुद्धा मध्येच उठून काहीतरी बघून येते. तिच्या प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीच्या पेशी छोट्या छोट्या बशांमध्ये वाढतात. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे त्यांचं खाणंपिणं करायला हिला सुटीच्या दिवशीही पळावं लागतं. मधुमेह झालेल्या माणसाची जखम लवकर का भरत नाही, हा एकच प्रश्न ती तरुणपणापासून धरून बसली आहे. बसली आहे हे आपलं म्हणायचं.

तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, त्याच विषयातला. तो मात्र छान बसतो. व्यासपीठावर बसतो, समित्यांवर बसतो. भाऊ सख्खा असला म्हणून काय झालं, खरं ते खरं.

हल्ली संशोधकाची किंमत कशी ठरते, हे मला वहिनीनंच सांगितलं. तुमचा लेख छापून यायचा, मग दुसऱ्या कुणी आपल्या लेखात त्याचा आधार घेतला की तुमच्या नावावर एक सायटेशन जमा. मोजायला संगणक आहेच. आता या दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एक, लग्नानंतर आडनावही एक, आणि लेखांवर छापतात तेवढंच. संगणकाला बिचाऱ्याला काय कळणार! त्यानं बायकोचे लेख खुशाल नवऱ्याच्या खात्यात टाकले. दादाचा आकडा फुगत गेला, सत्कार झाला, खांद्यावर शाल पडली. वहिनीच्या हे लक्षात आलं तेव्हा दादा म्हणाला, "घरातच आहे ना? तुझं काय अन् माझं काय!" तीही हसली. "कोण करत बसणार ती उस्तवार," असं मला म्हणाली आणि गेली पेशींकडे.

यंदा संस्थेनं ठरवलं, ज्यांचा आकडा कमी त्यांची प्रयोगशाळा बंद. वहिनीच्या नावावर निघाले फक्त लग्नाआधीचे लेख. संचालकांनी तिला अगदी मायेनं विचारलं, "मॅडम, लग्नानंतर काम सोडलं होतं का?"

तिथून ती थेट माझ्या घरी आली. माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. "शुक्रवारपर्यंत लेख माझ्या नावावर आले नाहीत, तर बशा धुवायच्या आणि किल्ली द्यायची," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाढवलेल्या पेशी कुठे नेऊ मी? घरच्या फ्रीजमध्ये?" तिचे डोळे भरून आले आणि माझा जीव कासावीस झाला. लेख वेगळे करायचे तर संगणकावर दादानं होकार द्यायला हवा होता. मी तिच्याबरोबर निघाले. तिला धीर द्यायला. बरं, थोडी गंमत बघायलाही.

दादा नाइलाजानं संगणकापुढे बसला. एकेक लेख समोर येई आणि प्रश्न येई, हा लेख तुमचा आहे का? दादा 'नाही' दाबत होता. वहिनी त्याच्या पाठीमागे खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. मग तो लेख आला, ज्याच्या जोरावर सत्कार झाला होता. जखमेच्या कडेच्या पेशी पुढे का सरकत नाहीत, हे सांगणारा. त्यावर नावं दोघांची होती, म्हणजे एकच नाव दोनदा, छापणाऱ्याची चूक वाटावी तसं. संगणकानं विचारलं, यातलं तुमचं कोणतं, पहिलं की दुसरं? जो प्रत्यक्ष काम करतो त्याचं नाव पहिलं, अशी त्यांच्यात पद्धत, आणि संस्था आकडा धरते तो पहिल्या नावाचाच. आणि हा लेख गेला तर वहिनीचा आकडा काही पुरणार नव्हता.

"पहिलं..." म्हणत दादाचा हात पुढे गेला.

"पहिलं कसं?" वहिनी म्हणाली. "तो प्रयोग चालला होता तेव्हा तू परदेशात होतास. परत आल्यावर तू फक्त भाषा सुधारलीस."

"अगं, पण मी यावर गावोगाव भाषणं दिलीत. लोक काय म्हणतील?"

"त्या भाषणांची चित्रंसुद्धा मीच करून द्यायचे."

दादानं माझ्याकडे पाहिलं. बहीण ना मी! माझं डोकंच फिरलं. "माझ्याकडे काय बघतोस? दुसरं दाब!"

त्यानं दाबलं.

प्रयोगशाळा वाचली. दादाचा आकडा धाडकन खाली आला, आणि ते बघून त्याच्या एका सहकाऱ्यानं काळजीनं फोन केला. मी तिथेच होते. "हो हो, काहीतरी तांत्रिक घोळ झालाय," दादा हसत सांगत होता. "होईल दुरुस्त."

वहिनी दारात चपला घालत होती. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ती हळूच म्हणाली, "लोकांना काहीही सांग. मला तरी खरं सांग. पहिलं नाव कुणाचं होतं?"

दादानं फोनवर हात ठेवला.

"आता खरंच आठवत नाही गं," तो म्हणाला. लहानपणापासून त्याच्या थापा मी ओळखत आले आहे. ही थाप नव्हती.