एसटीमागची गाडी

दादाशी माझं शेवटचं बोलणं झालं ते सायलेन्सरवरून. आधीच्या कित्येक फोनांचा विषयही तोच होता म्हणा. आचऱ्याहून त्याचा फोन आला की कशी आहेस वगैरे काही नाही, थेट सुरुवात... प्लग पुन्हा काळेकुट्ट झालेत, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतोच आहे. मी वैतागून म्हटलं, अरे, एकदाची गॅरेजला दे ती गाडी आणि आम्हांला सोडव. त्याने रागाने फोन ठेवला. त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. जामसंड्याहून आचऱ्याला पोचेपर्यंत मी रडत होते आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडतही होते. असं भांडण अर्धं टाकून कोणी जातं का?

दादा हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने जुनी पेट्रोलची गाडी घेतली ती एकाच हौसेपायी. वहिनीचं माहेर आंबोलीला. जन्मभर एसटीचे धक्के खाल्लेल्या बायकोला पुढच्या सीटवर बसवून घाट चढायचा होता त्याला. सुरुवातीला नेलंही. मग वास सुरू झाला. गाडी चालू केली की मागून पेट्रोलचा भपकारा येई, तो खिडकीतून आत शिरे आणि गावातला तीन रस्त्यांचा तिठा यायच्या आत वहिनीला उलटी होई. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं. शेवटी तिने हात टेकले आणि पुन्हा एसटी धरली. तर आमचा हा शहाणा काय करायचा? वहिनी एसटीत, आणि हा एकटा गाडी घेऊन एसटीच्या मागे! प्रत्येक थांब्याला थांबायचा, सावंतवाडीला ती गाडी बदलेपर्यंत ताटकळायचा, पुन्हा मागे. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ती बसायची मागच्याच सीटवर, आणि मागच्या काचेतून सारखी वळून बघायची, हा येतोय ना म्हणून.

पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणून न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं... हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण हवा कुठे अडते ते सोडून त्याने बाकी सगळं धुंडाळलं. आधी पेट्रोलातच भेसळ म्हणून पंप बदलला. मग प्लग नवे, एअर फिल्टर नवा. चोक अडकतो म्हणून त्याच्या तारेला तेल. एकदा तर अख्खा कार्बोरेटर सुटा करून ओटीवर पसरला होता, पाहुण्यांना बसायला जागा नाही. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर घरी येईल त्याला सायलेन्सरमागे उभं करून हुंगायला लावायचं. चतुर्थीला आलेल्या माझ्या व्याह्यांनासुद्धा त्याने सोडलं नाही, काय बोलणार!

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकतात. तसा दादा मृगाआधी गाडी परसातल्या मांगराच्या छपराखाली घालायचा, आणि खाऱ्या वाऱ्याने ती आतून गंजू नये, उंदीर शिरू नयेत, म्हणून इंजिन ज्या सोंडेतून हवा ओढतं तिच्यात वहिनीच्या जुन्या साडीचा फडका कोंबायचा. दिवाळीच्या सुमारास काढायचा. मी एकदा म्हटलं, हवा कमी पडते म्हणतोस तर त्या सोंडेत बघ की जरा. तर माझ्यावरच डोळे वटारले. "फडको मी माझ्या हातान काढलो. थंय काय बगूक नको." झालं, विषय संपला. त्याच्या हाताने केलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची म्हणजे महापाप.

परवा मृग जवळ आला म्हणून वहिनीकडे गेले. ती हातात फडका घेऊन मांगरातच उभी होती. "त्येंचां एवढां काम ऱ्हवलां गो," म्हणाली. मी बॉनेट उघडून धरलं. तिने फडका सोंडेत सारला आणि थबकली. बोटांना आत काहीतरी लागत होतं. ओढता ओढता एक काळा, कुजका बोळा बाहेर आला. त्याच्या एका कोपऱ्याला हिरवा काठ होता.

तो काठ आम्ही दोघींनी ओळखला. एका वर्षी मृगाआधी वहिनीची नेसती सुती साडी दादाने न विचारता फाडली होती, आणि त्यावरून ती कित्येक दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. त्यानंतरच्या दिवाळीपासूनच वास सुरू झालेला. काढताना फडका फाटला असणार, अर्धा याच्या हातात, अर्धा आत. आणि पुढे दरवर्षी नवा फडका त्याला आणखी आत ढकलत गेला. इतका संताप आला मला... समोर असता तर तो बोळा त्याच्या नाकाखाली धरला असता.

मी गाडी चालू केली. थोडा काळा धूर आला आणि निवळला. वहिनी न सांगता सायलेन्सरमागे गेली, वाकली, बराच वेळ तिथेच राहिली. "वास नाय," एवढंच म्हणाली. मी नवा फडका कोंबायला उचलला तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. "ऱ्हवांदे. गंजली तर गंजांदे. माका आंबोलीक व्हर."

ती पुढच्या सीटवर बसली, सवयीने हातात लिंबू घेऊन. तिठा गेला, गाव मागे पडलं, लिंबू मांडीवर तसंच. काचा खाली होत्या, वारा येत होता, वासाचं नाव नाही. घाट लागला तशी ती एकाएकी वळली आणि मागच्या काचेतून बघत राहिली.