पिंगळ्याचा पासपोर्ट फोटो

इमारतीत त्यांना सगळे पासपोर्टकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी खोलीएवढ्या स्टुडिओत दुसरं काही केलंच नाही. एक स्टूल, मागे पांढरा पडदा आणि तोंडी तीनच वाक्यं: "हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका." तान्हं बाळ आलं तरी हेच. ते ऐकणार थोडंच? मग काका स्वतःच असं काही गंभीर तोंड करत, की हसणारं बाळ भोकाड पसरे!

दुकान बंद केलं आणि आठवड्याभरात हात शिवशिवायला लागले. मग कॅमेरा वळला तो इमारतीतल्या आगंतुक रहिवाशांकडे. जिन्यातली पाल, टाकीवरचा कावळा, पार्किंगमधली खार. पण सवय जाते कुठे! खारीच्या मागे पांढरा टॉवेल धरून बायकोला उभं करत.

"अहो, खार परदेशी निघालीय का?" काकू विचारत.

"अगं, मागचा पसारा नको. चेहरा कसा स्वच्छ यायला हवा."

टॉवेल बघून खार पसार, आणि काकूंचे हात भरून यायचे ते वेगळंच.

मागच्या भिंतीत, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, वीट निखळून एक भोक पडलं होतं. काकांच्या स्वयंपाकघरातून ते तिरपं दिसे. तिथे पिंगळ्यांच्या जोडीने बिऱ्हाड मांडलं. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड, पण डोळे थेट हेडमास्तरांचे. तीन पिल्लं झाली. ऊन कललं की काका खिडकीत हजर.

अशातच एका शुक्रवारी फळ्यावर नोटीस लागली: सोमवारी सकाळी मागच्या भिंतीची सगळी भोकं बुजवणार.

काका तडक सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात.

"साहेब, त्या भोकात पिल्लं आहेत हो. उडता येईपर्यंत तीन आठवडे थांबा."

"काका, मी दोनदा वाकून पाहिलं. काळं भोक आहे नुसतं. आणि माझ्या बेडरूममध्ये ओल येतेय ती त्यातूनच. पुरावा आणा, लगेच थांबवतो."

"पुरावा? अहो, जन्मभर दुसरं काय काढलं मी!"

शनिवारी संध्याकाळी एक पिल्लू भोकाच्या तोंडाशी आलं. काकांनी लेन्स पार लांबवली. मान सरळ, दोन्ही डोळे उघडे, झकास! मग कॉम्प्युटरवर मागची भिंत पुसून पांढरीफेक केली, आठ प्रती काढल्या, कात्रीने कापून पाकिटात घातल्या.

सेक्रेटरींनी फोटो निरखला. "गोड आहे. पण काका, हे आपल्याच भिंतीतलं कशावरून? कॅलेंडरातलंही असेल."

काकांनी घरी येऊन सांगितलं, तर काकू हसत सुटल्या. "चाळीस वर्षं माणसांच्या मागचं सगळं पुसलंत. या बिचाऱ्याचं घर तरी ठेवायचं होतं! भांडण घराचंच आहे ना?"

उरला रविवार. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा लेन्स आखूड केली. चौकटीत काय काय शिरलं! निळा पाइप, ओलीचे डाग, सेक्रेटरींच्या खिडकीबाहेरची कपड्यांची दोरी. काकांना कसंसंच झालं, पण मन घट्ट करून ते उभे राहिले. ऊन सरत आलं, तरी पिल्लांचा पत्ता नाही. इतक्यात आई चोचीत झुरळ घेऊन आली, दोरीवर बसली, आणि भोकातून एकदम तीन डोकी बाहेर. खटॅक!

सोमवारी गवंडी खाली सिमेंट कालवत होता. काका पायात चपला न घालताच धावले. सेक्रेटरींनी फोटो हातात घेतला आणि कानापर्यंत लाल झाले. पिंगळीच्या शेजारी त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा बनियन वाळत होता.

गवंड्याने मान लांब करून पाहिलं. "साहेब, बनियनलाही भोक आहे की. आधी ते बुजवू का?" मग फोटोवर बोट ठेवलं. "आणि ही ओल बघा. भोकाखाली कोरडं आहे, डाग सगळे पाइपाच्या जोडाखाली. पिंगळ्याचा काय दोष?"

सेक्रेटरींनी खडू घेतला आणि नोटिशीखाली लिहिलं: पिंगळ्याचं भोक सोडून.

"काका," ते हळूच म्हणाले, "हा फोटो माझ्याकडेच राहू द्या हं."

"राहू द्या की," काका म्हणाले. "सवयीने आठ काढलेत. अजून सात आहेत."