योगेंद्रबुवांची स्वतःची चाल

लोधिवलीच्या भजनी मंडळात योगेंद्र भोईरांना सगळे बुवा म्हणतात. बुवा म्हटलं म्हणून दाढी, कफनी असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. खोपोलीच्या एका कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेला, चहा वेळेवर मिळाला की खूश असणारा साधा माणूस. पण पेटीपुढे बसला की गडी बदलतो. कुठलाही अभंग द्या, बुवा तो कुठल्यातरी सिनेमाच्या चालीत असा काही बसवतात, की टाळकरी घामाघूम होतात आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांना देवाच्या आधी नटी आठवते. कुणी नावं ठेवली तर उत्तर तयार असतं. "देवाला चालतंय, तुमाला का नाय?" आणि यात फार वावगं असं कुणाला वाटत नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्याच मंडळांत हे चालतं.

बुवांचं गाणं ऐकायला देवळात कोण येतं, कोण नाही, याची त्यांना फारशी फिकीर नसायची. एक बहीण आली की झालं. मैनाबाय त्यांच्याहून बरीच मोठी. बुवा तीन वर्षांचे असताना वडील गेले, आई शेतात राबायची, आणि योगू वाढला तो मैनाबायच्या कडेवर. लग्न होऊन ती शिळफाट्याला गेली तरी एकादशीचं भजन तिने कधी चुकवलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि बाय अंथरुणाला खिळली.

त्यावर तोड काढली ती बुवांच्या सुनेने, प्राचीने. ही कर्जतची मुलगी, कॉलेजात कॅसिओ वाजवायची. तिने मंडळाच्या नावाने मोबाईलवर एक चॅनल उघडलं आणि एकादशीचं भजन थेट दाखवायला सुरुवात केली. शिळफाट्याला मैनाबाय उशीला मोबाईल टेकवून ते पाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन ठरलेला. "घसा बसलाय रं तुजा. खडीसाखर ठेव तोंडात."

एका एकादशीला मात्र फोन त्याच संध्याकाळी आला, प्राचीला. मैनाबाय रडत होती. "योगू नुसतं तोंड हालवतोय गं! आवाज गेला का त्याचा? काय झालंय माज्या योगूला?"

योगूला काही झालं नव्हतं. तो देवळात प्रसाद वाटत होता. आवाज बंद केला होता मोबाईलवर व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीने. प्राचीने सूचना वाचून दाखवली. ही चाल एका सिनेमाच्या गाण्याशी जुळते, तिचे हक्क दुसऱ्याकडे आहेत, पुन्हा पुन्हा असं झालं तर चॅनल बंद होईल.

बुवा भडकले. "आता देवळात गायला बी कंपनीला विचारायचं?"

"देवळात गा की, मामा," प्राची म्हणाली. "पण मोबाईलवर घातलं की ते जगभर वाटल्यासारखं होतं. आणि ती चाल कुणीतरी डोकं खाजवून केलीच असेल ना?"

डोकं खाजवण्याची वेळ बुवांवर कधी आलीच नव्हती. ते म्हणाले, "अभंग संतांचे. चाल शिनेमाची. मग आमचं काय हाय गं त्यात?"

"घसा," प्राची म्हणाली.

सुनेने चेष्टाच केली होती, पण ती बुवांना फार लागली. इतकी वर्षं गळा दुखेपर्यंत गायलो आणि आपली म्हणावी अशी एक ओळ नाही! त्यांनी मनाशी ठरवलं. पुढच्या एकादशीला आपल्या चालीत गायचं. बायला आपला आवाज ऐकू गेला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सासरा पेटी घेऊन आणि सून कॅसिओ घेऊन ओटीवर बसले. प्राचीच्या कागदावर नुसते आकडे होते. एक, चार, पाच, पुन्हा एक. बुवांनी ते पाहून थेट काळी एक दाबली, कारण पेटीवाल्याला आकडा दिसला की पट्टीच आठवते.

"तसं नाही, मामा. तुम्ही ज्या पट्टीला सा धराल, तो एक. तिथून मोजलं की मध्यम चार, पंचम पाच. त्या सुराबरोबर आणखी दोन सूर दाबायचे, झाली कॉर्ड. मृदंगावरच्या धाकलूकाकांना गाताना वरची पट्टी पेलत नाही ना? मग सा खाली आणायचा. कागद तोच राहतो."

"म्हंजे सरगमच की, आकड्यांतली."

"तशीच. आणि या आकड्यांवर कुणाची मालकी नाही. एक-चार-पाचवर हजारो गाणी उभी आहेत. मालकी असते ती वरच्या चालीची आणि शब्दांची."

हे ऐकून बुवांना हुरूप आला. पाया फुकट आहे म्हटल्यावर घर बांधायला कितीसा वेळ? त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळापुढे पहिली चाल म्हटली. मृदंगावर धाकलू होता. धाकलूचा हात मृदंगावर आणि कान सिनेमात, अशी त्याची ख्याती. त्याने दुसऱ्या ओळीलाच हात थांबवला. "बुवा, यावर तर माज्या लग्नात बँड वाजलावता." दुसरी चाल साबणाच्या जाहिरातीची निघाली. तिसरी बुवांनी मोठ्या विश्वासाने म्हटली, तर सगळं मंडळ हसून लोळायला लागलं. ती कर्जतच्या घंटागाडीची होती.

बुवा चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पेटीला हात लावला नाही. जेवताना म्हणायचे, "डोक्यात सगळा लोकांचा माल भरलाय." प्राचीला वाईट वाटलं. घसा म्हणायला नको होतं, असं तिला होऊन गेलं. पाचव्या दिवशी ती स्वतःच कॅसिओ घेऊन ओटीवर आली. "मामा, आज चाल शोधायची नाही. मी फक्त एक आणि पाच धरते. तुम्ही डोळे मिटून अभंग म्हणा, जसा येईल तसा."

बुवा मिटल्या डोळ्यांनी म्हणू लागले. चाल संथ होती. एकच सूर दोनदा घोळवायचा, मग एक पायरी वर, तिथे थोडं थांबायचं आणि झोका घेऊन पुन्हा ‘सा’वर टेकायचं. नखरा नाही की तान नाही. संध्याकाळी मंडळाने ती ऐकली आणि सगळे धाकलूच्या तोंडाकडे बघत राहिले. धाकलूने कान खाजवला, एकदा पुन्हा म्हणायला लावली आणि शेवटी मान हलवली. "नाय बुवा. ही कुटंच नाय ऐकलेली. ही तुमचीच."

त्या दिवशी बुवांचे पाय जमिनीवर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं झालं होतं, आणि ते त्यांनी नाक्यावरच्या चहावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. प्राचीने चॅनलवर आधीच लिहून ठेवलं, चाल योगेंद्र भोईर. बुवा ते दिवसातून अनेकदा चष्मा लावून वाचायचे.

एकादशीला देऊळ भरलं. बुवांनी पट्टी धरली, प्राचीने कॅसिओवर एक आणि पाच धरले, टाळ सुरू झाले. बुवा अभंग गायले आणि आवाज शेवटपर्यंत गेला. प्राचीने लांबूनच अंगठा दाखवला. आता आरतीची तयारी, तोच बुवांच्या खिशातला फोन वाजला. मैनाबाय. बुवा हसतच देवळाबाहेर आले.

"ऐकलंस ना, बाय? कशी वाटली चाल?"

मैनाबायने विचारलं, "योगू, आबांची चाल तुला कुनी शिकवली रं?"

"आबांची कुटली? माजी हाय ती. मीच बशिवली."

"तुजी कशी? आबा खळ्यात भात मोजायचे तवा याच सुरात म्हनायचे. मापाची अधोली भरली की एक म्हनायचे नाय, लाभ म्हनायचे. दुसरी भरस्तवर लाभ, लाभच घोळवायचे, आकडा चुकू नये म्हनून. मी तुला कडेवर घेऊन तितंच उबी असायची. मोजनी संपस्तवर तू झोपायचास."

चाल हातची गेली, हे बुवांना कळलं, आणि त्याचं काहीच वाटत नाही याचं नवल वाटलं. वडिलांचा, आबांचा, एक फोटो घरात होता, कुठल्याशा लग्नातला, त्यात चेहरा अर्धा झाकलेला. आवाज कसा होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचंही कधी सुचलं नव्हतं.

"म्हन ना, बाय," ते म्हणाले.

शिळफाट्याला अंथरुणावर पडल्या पडल्या ती म्हातारी कापऱ्या आवाजात मोजू लागली. लाभ, लाभच लाभ. दोन, दोनाचे दोन. तीन, तिनाचे तीन. तोच झोका, तीच टेक. देवळाच्या दारात येऊन धाकलूने हाक मारली, "बुवा, आरती खोळंबलीय!" बुवांनी त्याला हातानेच थांब म्हणून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं. तिकडे मैनाबाय दमली आणि थांबली.

"बास आता," ती म्हणाली. "दम लागला रं."

"जरा दम घे," बुवा म्हणाले. "पन थांबू नको, बाय. खळ्यात अजून भात आसंल."