देवाची बाजू

आमच्या घरात देव आहे की नाही, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणायचे आहे. बाबा म्हणायचे नाही. चांदूर बाजारच्या अलीकडे आमचं गाव, गावाला लागून फुलांचं वावर. तोडलेली फुलं संध्याकाळी ओसरीवर ओतली, की एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मोठे बाबा, मध्ये झेंडूचा ढीग, आणि वाद सुरू. दोघेही आता नाहीत. मी अकोल्याला राहते, शाळेत शिकवते, कशाची कमी नाही. पण संध्याकाळ झाली की मला अजून कुणीतरी देवावरून भांडायला हवं असतं. टीव्हीवर लोक ओरडतात, पण त्यांना भांडता येत नाही.

फुलं विकून पोट भरणारा माणूस नास्तिक, याची गावाला मोठी गंमत वाटायची.

"देव नसता तं तू उपाशी मेला असता," मोठे बाबा म्हणायचे. "तुयी सारी फुलं देवालेच जाते."

"मी देवाले इकत नाई, माणसाइले इकतो," बाबा म्हणायचे. "देव कवा आला भाव करायले?"

अमरावतीला कॉलेजात होते तेव्हा मी फुलांच्या गाठोड्यांबरोबर त्याच ऑटोतून जायचे. वर्गात माझ्या अंगाला झेंडूचा वास येतो म्हणून मुली चिडवायच्या. मी एकीला चांगली सुनावली, मग बंद झालं. परीक्षेच्या दिवसांत क्लासेसच्या भागात हार हातोहात जायचे. "देव नसला तरी परीक्षा हाये, आपलं भागते," असं बाबा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. कौंडण्यपूरच्या जत्रेलाही ते न चुकता येत. मोठे बाबा आणि त्यांची बायको, माझी मोठी आई, दर्शनाला रांगेत उभे राहत, आणि बाबा नदीकाठी फुलांचं दुकान मांडून बसत. त्यांना जत्रा चालायची, देव नाही.

लोकांना वाटायचं, माझी आई लवकर गेली म्हणून बाबांचा देवावरचा विश्वास उडाला. तसं काही नव्हतं. लग्नाच्या आधीपासूनच ते तसे होते, आणि आईला ते माहीत होतं. मला वाढवलं मोठ्या आईने. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मला ताप आला की एका हाताने अंगारा लावायची आणि दुसऱ्या हाताने गोळी द्यायची. "एकानं तुया मोठ्या बाबाचं समाधान, एकानं बापाचं," असं म्हणायची. बरी मी गोळीने व्हायचे की अंगाऱ्याने, यावर ओसरीवर आणखी एक संध्याकाळ निघायची.

एका वर्षी गारपिटीने आमचं वावर झोपलं. बाबांना तेवढंच निमित्त हवं होतं. "शनवारी मारुतीले हार घालनाऱ्याचंबी वावर गेलं, माझंबी गेलं. गारीनं काई इचारलं नाई, नास्तिकाचं कोनतं म्हनून."

"वावर एकच हाये, येड्या. अर्धं वाचवून अर्धं कसं मारीन तो?"

"मंग नास्तिकासंग वावर कावून ठेवलं त्यानं तुमचं?"

"माई परीक्षा पाहून राहिला तो," मोठे बाबा म्हणाले. "तू म्हनजेच माई परीक्षा."

वाद हातघाईवर आला की मोठी आई चहा आणायची. "घ्या आता. देव असन तं उद्याबी राईन, नसन तं उद्याबी नसन." तेवढ्यावर सभा संपायची. ती स्वतः कोणाच्या बाजूची, हे तिने कधी कळू दिलं नाही.

आमच्यासारख्या फुलं पिकवणाऱ्यांच्या घरात एक रीत असते: देवासाठी तोडलेल्या फुलाचा वास घ्यायचा नाही. घेतला की ते फूल उष्टं. लहानपणी मी एकदा मोगरा नाकाला लावला तर मोठ्या आईने हातावर चापट मारली होती. पण बाबांचा धंदाच नाकावर चालायचा. पावसाने आतून कुजलेला झेंडू वरून दिसत नाही, वासाने कळतो. ते प्रत्येक ओंजळ नाकाशी नेत, मगच ओवायला घेत, आणि तयार झालेला हार गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी शेवटचा एकदा हुंगत. म्हणून आमच्या घरासमोरच्या मारुतीचा शनिवारचा हार वेगळा व्हायचा. त्याची फुलं मोठे बाबा स्वतः तोडायचे, रुईची पानंही तेच आणायचे, मोठी आई ओवायची, आणि ती टोपली ओल्या फडक्याने झाकलेली असायची. बाबा त्या टोपलीच्या जवळ जात नसत. वाद कितीही पेटला तरी त्यांनी ती मर्यादा मोडली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

काही वर्षांपूर्वी मोठ्या आईला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. दोघे भाऊ माझ्या घरी राहिले. मोठे बाबा सकाळी जप करत, दवाखान्यात जप करत, लिफ्टमध्येसुद्धा त्यांचे ओठ हलत. बाबा औषधं आणत, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तेच विचारत, रक्त द्यायला गेले तर वयामुळे परत पाठवलं, त्यावर तिथल्या मुलीशी भांडून आले. दोघांनी आपापल्या परीने सगळं केलं. मोठी आई गेली.

गावी तेरवी झाली, पाहुणे निघाले. अंगणात सतरंज्या झटकणं चाललं होतं. मोठे बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर साध्या आवाजात म्हटलं, "तू जिंकला. नाई हाये."

उभ्या आयुष्यात बाबांना जे वाक्य ऐकायचं होतं, ते हे. सतरंजीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं बाबांच्या. त्यांनी ते सोडून दिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं यांनाच काहीतरी होतंय.

मी अकोल्याला परतले. महिनाभराने बाबांचा फोन आला. "तू ये बेटा. भाऊ भांडूनच नाई राहिले."

गेले तर घर ओळखू येईना. मोठे बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. वावरात जाणं बंद, ओसरीवर बसणं बंद, मारुतीचा हार बंद. जेवण समोर ठेवलं तर जेवत, नाही ठेवलं तर मागत नसत. बाबा एकटे झेंडूच्या ढिगापुढे बसलेले. संध्याकाळी त्यांनी आपला पसारा उचलून खाटेपाशी नेला आणि घसा खाकरून सुरू केलं.

"भाऊ, म्या इचार केला. देव असू शकते."

मोठे बाबा हलले नाहीत.

"आता हा मोबाईल पाहा. रेंज दिसते का? नाई दिसत. पन फोन लागते. तसा देव."

बाबांनी ढिगातलं एक फूल उचललं.

"आन् हा झेंडू. याच्या पाकळ्या कोन मोजून लावल्या? कोनीतरी लावल्याच असन नं?"

याच झेंडूवरून बाबांनी आयुष्यभर मोठ्या बाबांची टर उडवली होती. बी, पाणी, शेणखत, यात देव कुठं आला म्हणून. आता ते तोच मुद्दा केविलवाण्या आवाजात मांडत होते, आणि तोही धड जमत नव्हता. मला राग आला. स्वयंपाकघरात त्यांना गाठून म्हटलं, "बाबा, हे काय लावलंय? ज्यावर तुमचा विश्वास नाही ते कशाला बोलता?"

"मंग काय बोलू?" ते माझ्यावरच उखडले. "ते नाई म्हनते, म्या बी नाई म्हनू? दोघं नाई म्हनत बसलो तं घरात बोलायचं काय? मी कोनासंग बोलू, सांग नं मले." आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी बाबा रुईची पानं घेऊन आले. त्यांनी पायरीवर बसून हार ओवला आणि चपला काढून रस्ता ओलांडला. मारुतीचं देऊळ इतकं समोर आहे की उघड्या दारातून खाटेवरूनही मूर्ती दिसते. मोठे बाबा कूस बदलून पाहत होते. देवळात बाबा अवघडून उभे राहिले. घंटा वाजवायची की नाही हे त्यांना कळेना, शेवटी नाही वाजवली. मग सवयीनेच त्यांनी हार उचलला, नाकाशी नेला, एक खोल श्वास घेतला आणि मारुतीच्या गळ्यात घातला.

"अबे!"

एवढा आवाज त्या महिन्याभरात त्या घरातून निघाला नव्हता. मोठे बाबा खाटेवरून उठले, तसेच अनवाणी रस्ता ओलांडून गेले. मी मागे धावले.

"वास घेऊन घालतं? उष्टा हार घालतं देवाले?" त्यांनी हार काढून हातात घेतला.

बाबा पहिल्यांदा गोंधळले. मग त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "पन देव नाई नं? तुमीच म्हनलं सगळ्याइसमोर."

"ते म्या म्हनलं. माई बायको गेली, म्या म्हनलं. तू नको म्हनू."

"मी तं जल्मभर तेच म्हनून राहिलो."

"म्हनून तं सांगतो, तुले नाई समजत त्यातलं काई. नाई म्हनायचीबी अक्कल लागते. आन् काल ते काय, रेंज? देवाची बाजू अशी मांडते का कोनी? मारुतीबी हासला असन." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. बाबांनी त्यांना धरलं नाही, शेजारी पायरीवर बसले. मीही बसले. आम्ही तिघं तिथे किती वेळ रडलो, ते रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं.

मग मोठे बाबा वावरात जाऊन फुलं तोडून आले. पण ओवायचं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते काम मोठ्या आईचं. पाकळ्यांतून सुई जायची आणि फूल फाटायचं. बाबा हात मागे बांधून चार हातांवर उभे. "बुडातून घाला, भाऊ. बुडातून."

"तू दूर राय. नाक इकडे आनू नको."

हार वाकडातिकडा झाला, पण मारुतीच्या गळ्यात गेला.

संध्याकाळी ओसरीवर दोघं समोरासमोर बसले. मोठे बाबा काही पूर्वीसारखे झाले नाहीत. मध्येच थांबत आणि आत चहाची चाहूल घेत. तेव्हा मी उठून चहा ठेवायचे. बाबांनी मात्र आपली जुनी बाजू लगेच पुन्हा धरली आणि मोबाईलच्या रेंजचे स्वतःच तुकडे केले. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशीची बस सोडली.

दुसऱ्या दिवशी मोठे बाबा मला चांदूर बाजारच्या स्टँडवर सोडायला आले. अकोल्याच्या बसला वेळ होता. मी धीर करून विचारलं, "मोठे बाबा, खरं सांगा. परत मानता का तुम्ही?"

त्यांनी माझी पिशवी खाली ठेवली.

"माहीत नाई, माय. सकाळी वाट्टे हाये, संध्याकाळी वाट्टे नाई," ते म्हणाले. "पन तुया बापाले एकटं सोडता येत नाई. त्याले देवबी नाई. मीबी नाई म्हनून बसलो, तं त्याले हाये कोन?"