मेलेल्यांच्या नावची घरपट्टी

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांशी जास्त अदबीनं वागणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. जिवंतांशी ते तुसडेपणा करत असं नाही, पण तुमच्याशी बोलताना त्यांचं निम्मं लक्ष तुमच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे असायचं. माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे, घर मात्र एकदा पाहिलं की जन्मात विसरत नसत. माझ्या लग्नात मी त्यांची सासऱ्यांशी ओळख करून दिली, तर नमस्कार करून म्हणाले, "हां, पश्चिमेला दोन खिडक्या, आणि मोरीवर कौलं नाहीत." सासरे हबकलेच. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या घराची पट्टी आतोबांनी ठरवली होती, आणि मोरीवर अजूनही कौलं नव्हती.

आतोबा राहायचे कल्याणला. जिल्ह्यातल्या एका लहानशा नगरपालिकेत घरपट्टी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. घर मोजायचं, ते भाड्यानं दिलं तर काय येईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर पट्टी बसवायची, एवढंच काम. पण पेन्शन लागली तरी मोजणं काही सुटलं नाही. छत्रीच्या कापडावर त्यांनी खडूनं वीतवीतभर अंतरावर खुणा केल्या होत्या, आणि त्या धुऊन जातील म्हणून भर पावसातही ते छत्री न उघडता सदऱ्याआड धरत. भिजत यायचे, आणि आल्याबरोबर ओल्या हातानं भिंत मोजायला लागायचे. खडवलीला आत्याच्या मावसबहिणीकडे मुंजीला गेले होते, तिथंही हेच. पंगत बसली तरी यांचा पत्ता नाही. शोधलं तर घराभोवती छत्री टेकवत फिरताहेत. हातपाय धुऊन पानावर बसले आणि यजमानांना हळूच म्हणाले, "तुमचं घर बाहेरून अठरा हात भरतं, आतून साडेअठरा. तो अर्धा हात कुणाचा, चौकशी करा." यजमानांनी हसण्यावारी नेलं. त्यांच्या आईनं मात्र त्या रात्रीपासून माजघरात झोपणं सोडलं, ते शेवटपर्यंत. आंबिवलीला एक घर वर्षानुवर्षं कुलूपबंद होतं. आतोबा तिकडे गेले की त्याच्या खिडक्या मोजायचे. दोन वर्षं सहा भरल्या, तिसऱ्या वर्षी सात. "मग काय केलंत?" मी विचारलं. "काय करणार? सातवीला नमस्कार केला आणि आलो," आतोबा म्हणाले. हे सांगताना ते चहात खारी बुडवत होते, आणि खारी मोडून चहात पडली याचंच त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

नोटीस बजावण्याची त्यांची एक रीत होती. वहीत घरमालक म्हणून ज्याचं नाव असेल त्याच्या नावानं दारात उभं राहून तीनदा हाक मारायची, आणि मगच नोटीस द्यायची. आपल्याकडे म्हणतात ना, पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ती कुणाची असेल सांगता येत नाही. आतोबांचं म्हणणं, मी सरकारी माणूस, माझी हाक संशयाची असता कामा नये. आता गंमत अशी की वहीतली निम्मीअधिक नावं मेलेल्या माणसांची. घरमालक गेला तरी त्याची मुलं वहीतलं नाव बदलत नसत. नाव बदलायला गेलं की नव्यानं मोजणी आली, नवी मोजणी म्हणजे आजच्या भाड्याचा हिशेब, आणि पट्टी तिप्पट. त्यापेक्षा आजोबा कागदावर जिवंत राहिलेले बरे. त्यामुळे टळटळीत दुपारी आतोबा कुणाच्या तरी दारात उभे राहून वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला खणखणीत आवाजात हाका मारताहेत आणि घरातली पोरंबाळं, लेकीसुना श्वास धरून गप्प उभ्या आहेत, असा देखावा त्या गावानं वर्षानुवर्षं पाहिला. "ते वारले" म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिसऱ्या हाकेनंतर आतोबा नोटीस उंबऱ्यावर ठेवायचे, "झोपले असतील, उठवू नका," म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे.

हे सगळं मी ऐकून हसत असे. पुढे आम्ही नौपाड्यात घर घेतलं आणि माझं हसणं थांबलं. दादरच्या दोन खोल्यांतून आम्ही नवराबायको नौपाड्यात आलो ते सन पन्नासनंतर. जुनं कौलारू घर, पुढे ओटी, मागे विहीर. मिठागरांवर पैसा केलेल्या दोन भावांनी, भिकाजी आणि लहानूनं, मध्ये एकच भिंत ठेवून शेजारीशेजारी दोन घरं बांधली होती. दोन्ही अगदी सारखी, एकाचं दार उघडलं की दुसऱ्यात आल्यासारखं वाटावं. भिकाजीच्या लेकीनं त्याच्या पश्चात आपलं घर आम्हाला विकलं. लहानूच्या घरात त्याचा नातू बापू राहत होता. खरेदीखत झालं, पेढे वाटले, आणि मी पट्टीची चौकशी केली. नाव लावलं तर माझ्या घराची पट्टी बापूच्या तिप्पट होणार होती. तीच भिंत, तेच कौल, तीच विहीर. बापूची कमी, कारण त्याच्या घराचा मालक वहीत अजून लहानूच होता, आणि लहानूला जाऊन एक तप उलटलं होतं. माझा संताप झाला. नव्यानं घर घेणाऱ्यानं काय पाप केलं होतं? जन्मभराची पुंजी घालायची, वर सगळ्या आळीचा भार एकट्यानं उचलायचा! बापूला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "आजा मेला तं मेला, घर कुठं मेलाय? पट्टी आजाच्या नावानं येतंय, मी भरतंय. तुम्ही बी तसंच करा ना."

आतोबांनीही तोच सल्ला दिला. म्हणाले, "नाव बदलू नकोस. भिकाजी आहेत तसे राहू देत. त्यांची काही अडचण नाही." मी म्हटलं, "आतोबा, भिकाजी मेलेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अभद्र बोललो होतो. "वहीतून नाव उतरत नाही तोवर माणूस घरातून जात नाही," ते म्हणाले. "पण घरात असला तरी त्रास देत नाही. मान मात्र ठेवावा लागतो."

आणि मान ठेवणं म्हणजे काय ते आम्हाला कळायला लागलं. आतोबा आठवड्यातून एकदा कल्याणहून यायचे. ओटीवर चपला काढायच्या, माजघराच्या उंबऱ्याशी उभं राहायचं आणि आत कुणी नसताना विचारायचं, "भिकाजीशेठ, येऊ का?" मग ते कान देऊन उभे राहत. कधी लगेच आत येत, कधी मिनिट-दोन मिनिटं थांबत, आणि एकदा तर "बरं, मग पुढल्या वेळी," म्हणून ओटीवरूनच परत गेले. बायकोनं पोह्यांची फोडणी टाकली होती. ती पळत दाराशी आली, तोवर आतोबा कोपऱ्यावरून वळले होते. "असं काय करतात हो हे?" ती म्हणाली. मी हसलो, पण त्या दिवशी पोहे आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या खाल्ले. पुढे पुढे तीही माजघरात शिरताना पदर सावरायला लागली. मी पाहिलं तेव्हा म्हणाली, "कुणाच्या तरी घरात राहतोय असं वाटतं. आपलं घर आहे ना हे?" आहे म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग ती दुपार आली. मला ताप होता म्हणून मी कचेरीत गेलो नव्हतो आणि पुढच्या खोलीत पडलो होतो. बायको मागे विहिरीवर धुणं धूत होती, आतोबा ओटीवर पानाला चुना लावत होते. माजघरात कुणीही नव्हतं. तेवढ्यात नोटिशीचा शिपाई आला. "भिकाजी कोण?" त्यानं विचारलं. "असं नाही," आतोबा म्हणाले, "तीनदा हाक मार. रीत आहे." बिचाऱ्यानं हाक मारली. भिकाजी. विहिरीवरचं धोपटणं थांबलं. भिकाजी. कुठं काही हललं नाही, ऊन नुसतं तापत होतं. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली, भिकाजीऽ, आणि माजघरातून उत्तर आलं, "ओ."

म्हाताऱ्या माणसाची, झोपेतून उठल्यावर असते तशी, जराशी जड ओ. शिपाई म्हणाला, "आहेत की घरात," आणि नोटीस उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. मला वाटलं आतोबांनी ओ दिली. बायकोला वाटलं मी दिली. आतोबांच्या तोंडात पान होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते. मला ताप होता, तेव्हा मी शपथेवर काही सांगणार नाही. पण शहारा आलेले हात मी आतोबांचे पाहिले, माझे नव्हे. तीस वर्षं हा माणूस मेलेल्यांना हाका मारत आला होता, आणि ओ त्यानं पहिल्यांदाच ऐकली होती.

बायको ओल्या हातांनीच आत आली. "तिप्पट द्या," ती म्हणाली, "नाहीतर चौपट द्या. जेवणाला आमटीभात करीन रोज. पण हे घर तुमच्या नावानं करा." आणि ती रडायला लागली. मला वाटलं आतोबा तिची समजूत घालतील. ते उठले, पान थुंकून आले आणि म्हणाले, "सूनबाई, चुकलं माझं. कागद आण रे."

नाव बदलायचा अर्ज आतोबांनी स्वतः लिहिला. पट्टी ठरल्याप्रमाणे तिप्पट झाली. त्यावर त्यांनी हरकतीचा अर्जही लिहिला, की एका भिंतीच्या दोन घरांना एकच पट्टी असावी, नव्या मालकावर नवेपणाचा दंड नसावा. सुनावणीला आतोबा काळा कोट घालून आले. साहेबांसमोर त्यांनी छत्री टेबलावर ठेवून दोन्ही घरांची मापं तोंडपाठ सांगितली, आणि म्हणाले, "साहेब, मेलेल्यांच्या आड लपून जिवंत माणसं कमी पट्टी भरतात, आणि खरं नाव सांगणाऱ्याला जास्त पडते. हा न्याय नव्हे." बापूही बोलावणं आल्यामुळे हजर होता. तो कोपऱ्यातून म्हणाला, "आतोबा, तुमचा कल्याणचा घर कुणाच्या नावावर हाय?"

आतोबांनी टेबलावरची छत्री उचलून घेतली. मग म्हणाले, "वडिलांच्या."

"आनि वडील कुठं असतात?"

"घरी असतात," आतोबा म्हणाले.

लोक हसले. साहेबही हसले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. मी हसलो नाही, कारण मी आतोबांच्या शेजारी उभा होतो आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. जो प्रश्न त्यांनी साऱ्या गावाला विचारला नव्हता, तो त्यांना विचारला गेला होता. मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी यायच्या आधी एवढंच म्हणाले, "माझं घर सरळ केल्याशिवाय मला तिथं उभं राहता येणार नाही."

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. त्यांचा कागद तेवढा आला. कल्याणच्या घरावरून वडिलांचं नाव कमी करून आपलं लावावं म्हणून केलेल्या अर्जाची नक्कल त्याला जोडलेली होती. ती वाचून बापूनं कागद साहेबांच्या टेबलावर परत ठेवला. साहेबांनी दोन्ही घरांना सारखी पट्टी बसवली. आमची बरीच उतरली, बापूची चढली. बापू पुढे चारेक महिने माझ्याशी बोलत नव्हता, आणि त्याचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मला आनंद मावेना. मी पावशेर पेढे घेतले आणि तडक कल्याणची गाडी धरली.

आतोबा घराबाहेर पायरीवर बसले होते. अंगावरचं धोतर ओलं होतं, केसांतून पाणी गळत होतं, आणि छाती उघडी होती. आत्या दारात उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं. "आज कचेरीत जाऊन नाव बदलून आले," ती कुजबुजली. "आले ते घरात येईनात. विहिरीवर गेले नि धोतरानिशी आंघोळ केली. वडील गेले म्हणतात. अरे, मामंजी गेले ते माझ्या लग्नाआधी, मी त्यांचं तोंडही पाहिलं नाही. पण लग्न झाल्यापासून दोन्ही वेळा मी त्यांचं पान वाढत आले. मी कधी का म्हणून विचारलं नाही. आज म्हणाले, उद्यापासून वाढू नकोस." एवढं सांगून तिनं डोळ्याला पदर लावला.

मी पेढ्यांचा पुडा पिशवीत खाली ढकलला आणि सुतकाच्या घरी बसतात तसा आतोबांच्या शेजारी जाऊन बसलो. मला फार वाईट वाटलं. माझी चार पैशांची पट्टी उतरावी म्हणून या म्हाताऱ्यानं आपला बाप कागदावरून उतरवला होता. त्यांनीच विचारलं, "निकाल लागला?"

"लागला. दोन्ही घरांना सारखी."

"बरं झालं," आतोबा म्हणाले. "तुझं घर तुझं झालं." मग मान वळवून त्यांनी आपल्या उघड्या दारातून आत पाहिलं. "आणि हे आता माझं झालं. एकट्याचं."

आत्यानं आतून दोनदा हाक मारली, चहा निवतोय म्हणून. आतोबा अंधार पडेपर्यंत तसेच पायरीवर बसून राहिले, आणि मीही उठलो नाही.