रेघा वाकड्याच दिसतात

दिघाशी गावातलं घर सोडलं तेव्हा बायकोचं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता. धाकटा भाऊ रिक्षाला आडवा उभा राहिला. "दादा, घरात दिवा कोण लावंल?" मी म्हणालो, "तू लाव. तुला दिसतंय." आणि भिवंडीला पोराकडे आलो.

म्हातारा फ्लॅटला भुलला, असं तुम्ही गावकरी मागे बोललात. कानावर आलंय. उतारवयात डोळ्याचा पडदा खराब होतो, त्यावरच्या नव्या औषधाची इथे चाचणी चालू आहे, म्हणून आलो. दर महिन्याला सकाळी आठला हजर राहायचं आणि डोळ्यात सुई घ्यायची. मला नवं औषध मिळतं की जुनंच, ते डॉक्टरलाही कळू देत नाहीत.

पोरगा चिडतो. "बाबा, तुमच्यावर प्रयोग करतायत ते."

"करू दे. तुझ्या आईवर कोणी केला न्हाय."

तिलाही हेच झालं होतं. "तुमचे कान दिसतात, तोंड दिसत न्हाय," म्हणायची. "बरंय, तोंड बघण्यासारखं न्हायच," म्हणून मी हसायचो. दवाखान्यात नेलं नाही. ते आता माझ्याच हाताने लिहितोय.

दवाखान्यात चौकटींचा कागद समोर धरतात, रेघा सरळ दिसतात का विचारतात. मधल्या रेघा मला वाकलेल्या दिसत होत्या. तरी तीन महिने "सरळ" म्हणालो. आयुष्यभर कापडाचा लूम चालवला मी. ताग्यात वाकडं काही निघालं की शिव्या कारागिराला. वाकडं म्हणालो तर मला काढतील, असंच वाटलं.

तिथे सगळं लिहून घेणारी शबाना आहे, आपल्याच भिवंडीची. तिने मशीनमधला डोळ्याचा फोटो बघितला. "चाचा, मशीन वेगळं सांगतंय, तुम्ही वेगळं. कोणाचं खरं?" मग हिंदीवर आली, "इम्तिहान दवा का है, आपका नहीं."

घरी येईपर्यंत माझाच मला राग आला. मी खोटं बोलून औषध पास करत होतो, आणि उद्या ते कुणाच्या तरी बायकोच्या डोळ्यात घालणार. पुढच्या तपासणीला सांगून टाकलं, "वाकड्या हायत. पहिल्यापासून वाकड्याच. काढायचं तर काढा." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मला ठेवायचं की काढायचं, ते अजून ठरलेलं नाही.

ठरू दे काहीही. भाऊ फोनवर विचारतो, घरी कधी येतोस. ज्या घरात ती सांगत राहिली आणि मी हसत राहिलो, त्याला घर कशाला म्हणू? आता पोराच्या घरातली ही लहान खोली माझं घर. चाचणीत नसलो तरी इथेच राहणार. जमिनीवर एक गादी मोकळी ठेवलीय. दिघाशीत ज्याला समोरच्याचं तोंड पुसट दिसतं त्याने आदल्या दिवशी मुक्कामाला यावं, बाईमाणसाने तर सगळ्यांच्या आधी यावं. सकाळी तपासायला मी स्वतः नेईन. रस्ता मला कडेकडेने दिसतो. तेवढा पुरतो.