दोन सुतांचा आकाराम

लोणंदच्या बाजारात हमाली करणाऱ्या आकारामच्या घराचं दार लय ठेंगणं. गडी स्वतःही काही उंच नव्हता, तरी रोज सकाळी बाहेर पडताना चौकट टाळूला घासायची. दिवसभर कांद्याची पोती वाहून सांजच्याला घरात शिरला, की तीच चौकट लागायची नाही.

"आयं, आपलं दार सकाळी खाली येतंय," तो म्हणाला.

"आन् सांजच्याला वर जातंय व्हय?" पारूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "टाळकं तपासून घे."

ही गंमत त्यानं तिथंच सोडली असती. पण चीनच्या लढाईनंतर शाळेच्या मैदानावर फौजेची भरती आली. आकाराम मालगाडीचा डबा रिकामा करून दुपारी रांगेत उभा राहिला आणि मोजपट्टीवरच्या लाल रेघेला दोन सूत कमी पडला. दोन सूत, म्हणजे पाव इंच. हवालदारानं नुसत्या हातानंच 'जा' म्हटलं.

घरी येऊन तो चौकटीखाली उभा राहिला. लागली नाही. सकाळी उभा राहिला. लागली! मग त्याला खूळच लागलं.

लाकूड दवानं फुगत असंल, म्हणून त्यानं दोन्ही वेळा काठी लावून दार मोजलं. काही फरक नाही. म्हणजे दार जागच्या जागी, हलतोय तो आपणच! टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पाट धरून त्यानं आईला कोळशाची रेघ ओढायला लावली. सकाळची वर, सांजची खाली, मधे चार सूत. बाजार बंद होता त्या दिवशी तो दिवसभर आडवाच राहिला, तर सांजची रेघ सकाळच्या रेघेला जवळजवळ चिकटली.

आठ महिन्यांनी भरती परत आली. त्या सकाळी आकाराम उठलाच नाही. शेजारच्या अर्जुनानं आणखी दोघांना बोलावून त्याला वाकळेसकट उचलला नि आपल्या बैलगाडीत घातला. गाडी पेठेतून निघाली, तशी भाजीवाली बयाबाई पाटी टाकून धावली.

"आगं बया! आकाराम गेला गं! कालच तर माझी पाटी उचलून दिली रं!"

"मावशे, गप की!" आकाराम पडल्या पडल्या ओरडला. "भरतीला चाललोय!"

"असला निजलेला शिपाई बघून चिनी हसूनच मरंल," अर्जुना बैलांना म्हणाला.

मैदानावरही तो गाडीतच पडून राहिला. नाव पुकारल्यावर उतरला, आणि डोक्यावर तुपाचा गडवा असल्यागत पाय जपून टाकत खांबाशी गेला. लाकडी पट्टी टाळूवर टेकली. बरोबर रेघेवर.

हवालदारानं त्याला ओळखलं. "गेल्या खेपेला कमी होतास. या वयात वाढलास?"

"न्हाई साब. आज अजून दबलो न्हाई."

शेजारी बसलेल्या लष्करी डॉक्टरांनी मान वर केली. आकारामनं दार, काठी, कोळसा, सगळं सांगितलं. डॉक्टर हसले.

"खरं बोलतोय तो. आपल्या सगळ्यांच्या पाठीच्या मणक्यांमधे मऊ गाद्या असतात. उभं राहून, ओझं वाहून त्या दबतात. आडवं झालं की पाणी शोषून परत फुगतात."

"मग साहेब, ह्याला सांजच्याला परत मोजू?" हवालदारानं विचारलं.

आकाराम पट्टीखालून हललाच नाही.

"कशाला? पट्टी आत्ता लावलीय. आत्ता आहे तेवढा लिही."

हवालदारानं लिहिलं. आकाराम गाडीत न बसता ताठ चालत घरी आला, आणि दारात टाळू आपटली तरी हसतच राहिला.

पुढं दर दिवाळीला पारूबाईनं भिंती सारवल्या, पण त्या दोन रेघांना पोतेरं लागू दिलं नाही. कुणी विचारलं, की रेघांच्या मधे करंगळी ठेवून दाखवायची.

"एवढ्यानं माझा ल्योक फौजेत हाय."